अण्णा, तुमच्या फवारणीचं मूळ इथे सापडलं

न्युरेंबर्ग,
रविवार

ती. आई-अण्णांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी सरली, खोकलाही गेला. आई, दर फोनला पिठाची चौकशी नको, इथे चक्की आटा मिळतो.

फोटो बघून तू विचारलंस, जंगलात एकटा पालथा पडून काय करतोस. अगं, अळंबीचे फोटो काढतो. आणि हे जंगल घाटातलं नव्हे. प्राणिसंग्रहालयापाशी ट्राम संपते, तिथून पायी जायचं. पाइनची झाडंसुद्धा माणसांनी लावलेली. तोडून तोडून रान ओसाड झालं, तेव्हा पेटर श्ट्रोमर नावाच्या इथल्या व्यापाऱ्याने 1368 साली बी पेरायला घेतलं. गोचिडींपासून ताप येतो, त्याची लस मी घेतली आहे. आणि अळंबी मी खात नाही. नुसता हात लावून विष चढत नाही.

खाणारी माणसं वेगळी. त्यांची एक तऱ्हा मला अजून उमगलेली नाही. शरद ऋतूत टोपली घेऊन रानात जातात. प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, त्यात अळंबी घामेजून सडते. भरलेली टोपली घरी न नेता आधी जाणकाराकडे न्यायची. गावोगावी असे परीक्षा दिलेले जाणकार असतात, बरेच जण पैसेही घेत नाहीत. लोक रांगेत उभे! अळंबी बुडख्यासकट आणावी लागते, कारण सगळ्यात घातक जातीची खूण, ती पिशवीसारखी वाटी, बुडाशीच असते. पांढऱ्या केसांच्या आजीबाई एकेक उचलून वास घेतात, काही बाजूला काढतात, आणि मोठमोठे साहेब लोक मान खाली घालून ऐकतात. मी तिथे रिकाम्या हाताने उभा असतो.

अण्णा, आता तुमच्यासाठी. पाइनचं बोंड शेवाळाखाली गाडलं गेलं, की वसंतात त्यातून एक बारकी तपकिरी अळंबी वर येते. टोपी रुपयाएवढीही नसते. नाव स्ट्रोबिल्युरस टेनासेलस. हिच्यासारखीच दुसरी एक पाइनच्याच बोंडावर येते, सूक्ष्मदर्शकाशिवाय फरक कळत नाही, म्हणून मला सापडलेली 'बहुतेक तीच' म्हणतो. दुसऱ्या बुरशांनी बोंडावर हक्क सांगू नये म्हणून ही त्यांचा श्वास कोंडणारं द्रव्य सोडते. जर्मन शास्त्रज्ञांनी ते 1977 मध्ये वेगळं काढून दाखवलं. उन्हात ते टिकेना, म्हणून त्यात फेरफार करून औषधं बनवली, ती 1996 मध्ये बाजारात आली. त्यातलं एक म्हणजे ॲझॉक्सिस्ट्रोबिन. द्राक्षावरच्या भुरी-डावणी रोगांना तुम्ही मारता तेच!

फोटो मात्र जिकिरीचा. इतक्या जवळून जेमतेम 1 मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. टोपीची कड धरावी तर देठ पुसट. म्हणून कॅमेरा जमिनीलगत टेकवून फोकस केसभर पुढे सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि ते कॉम्प्युटरवर एकात एक बसवायचे. वारा आला की थांबायचं. टोपीखालच्या पाकळ्या अंधारात राहतात, तिथे चांदीच्या कागदाने उजेड पाडतो. भिंग जुनंच घेतलंय, हप्ता वगैरे नाही.

द्राक्षबागेच्या खरड छाटणीला मजूर मिळाले का? मी असतो तर निदान काड्या तरी गोळा केल्या असत्या. असो, फोनवर तुम्ही सांगणार नाहीच. व्यापाऱ्याचा उरलेला चेक वटला की नाही तेही आईने हळूच सांगावं. या महिन्यात नेहमीपेक्षा थोडे जास्त पाठवले आहेत. ते सोसायटीत भरू नका, माईच्या साखरपुड्याला ठेवा. साखरपुड्याला रजा मिळत नाहीये, मागून पाहिली. लग्नाला नक्की येतो, तारीख तेवढी ऑगस्टनंतरची धरा. माईला सांगा, तिच्या नावाने काय घ्यायचं ते मी ठरवलंय, तिने रुसू नये.

निफाडच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगलीच आहे, पण तिला इथे यायचंय का, हे तिला कुणी विचारलंय? आधी ते विचारा, मग मी बोलतो. आत्याला इतक्यात काही कळवू नका.

तुमचा,
बाळू