मॅकगायव्हर आणि त्याचा पीट

महोदय,

१९८५ ते १९९२ या काळात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर चाललेली ‘मॅकगायव्हर’ ही माझी सर्वांत आवडती साहसी मालिका. रिचर्ड डीन अँडरसन यांनी रंगवलेला हा नायक बंदूक हाती धरत नाही, कारण लहानपणी बंदुकीच्या अपघातात त्याचा मित्र गेलेला असतो. खिशातला स्विस चाकू, चिकटपट्टी आणि पक्के विज्ञान यांवर त्याची सगळी भिस्त. पहिल्याच भागात गळणारे सल्फ्युरिक आम्ल तो चक्क चॉकलेटने थोपवतो!

थापा मारताना पापणी फडफडणारा वैमानिक जॅक डाल्टन आणि मेला म्हणता म्हणता परतणारा मारेकरी मर्डॉक हेही मला आवडतात. पण मनात घर केले ते पीट थॉर्नटनने, फीनिक्स फाउंडेशनमधल्या मॅकगायव्हरच्या वरिष्ठाने आणि जिवलग मित्राने. ही भूमिका करणारे डेना एल्कार यांची दृष्टी काचबिंदूमुळे जाऊ लागली. निर्मात्यांनी त्यांना बाजूला सारले नाही. उलट पीटलाही काचबिंदू झाल्याचे कथेत आणले आणि एल्कार मालिकेत राहिले. धावपळीच्या, स्फोटांच्या मालिकेत नजर गमावणाऱ्या माणसाला असे मानाने सांभाळलेले मी अन्यत्र क्वचितच पाहिले. त्या काळात तर हे मोठेच धाडस होते.

आपल्याकडच्या मालिकांत अंधत्व बहुधा रडवण्यापुरते किंवा चमत्काराने बरे होण्यापुरते येते. मराठी लेखकांनी पीटसारखे एखादे कर्तबगार पात्र जरूर लिहावे.

— एक वाचक, सातारा