ऑनलाइन धंद्यालाही व्हिसा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या सामानात आता भाजणी-मेतकुटासोबत इन्स्टाग्रामवरचे दुकान किंवा वेबसाइट बनवण्याची चालू कामेही असतात. ‘गिऱ्हाईक भारतातले, पैसे पुण्याच्या खात्यात, मग तिकडच्या सरकारचा काय संबंध?’ असे बिनधास्त बोलले जाते. संबंध असतो. काम करणारा कोणत्या देशात बसला आहे, हे व्हिसाचे नियम आधी बघतात. पैसा कुठे जमा होतो हा कराचा प्रश्न, आणि तिथेही तेवढ्याने भागत नाही.

ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते. स्वयंरोजगार मात्र एक तासही नाही. फ्रीलान्स बिल पाठवणे, ऑनलाइन माल विकणे हे स्वयंरोजगारातच मोडते, त्यामुळे ‘वीस तासांच्या आत आहे’ हा बचाव टिकत नाही. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी चालते, पण स्वतःच्या व्यवसायासाठी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) गेलेल्या जोडीदाराने ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, हातात पडल्याशिवाय शिकवण्याही घेऊ नयेत. शिवाय हे ईएडी सरसकट मिळत नाही. एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर असावा लागतो, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याची मुदत सहा वर्षांपुढे वाढलेली असावी लागते.

दुसरा गोंधळ कंपनीचा. ‘डेलावेअरमध्ये एलएलसी काढून देतो’ (अमेरिकेतल्या त्या राज्यात मर्यादित दायित्वाची कंपनी) ही जाहिरात खोटी नसते, अपुरी असते. कंपनी नोंदवल्याने अमेरिकेत बसून काम करण्याचा हक्क मिळत नाही. एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीचेही, म्हणजे परदेशी लोकांना मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्राचेही, तेच. त्या कार्डाने सही करता येते, कंपनी काढता येते, राहता येत नाही. आणि खरा फटका पुढे बसतो. एलएलसीचा एकमेव मालक परदेशी असेल, तर नफा शून्य असला तरी मालक आणि कंपनी यांच्यातले व्यवहार, अगदी सुरुवातीला घातलेले भांडवलसुद्धा, अमेरिकेच्या कर खात्याला फॉर्म ५४७२ मध्ये दरवर्षी कळवावे लागतात. चुकल्यास दंड २५,००० डॉलर. भारतात राहून परदेशी कंपनी काढणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी आपल्या बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा युनिक आयडी घ्यावा लागतो. लोक एजंटाला कार्डने फी भरून मोकळे होतात, नि दोन वर्षांनी सीएकडे धावतात.

सरळ मार्ग आहेत: परदेशातल्या गिऱ्हाइकांचे काम दुरून करणाऱ्यांसाठी काही देश खास व्हिसा देतात. थायलंडचा असा व्हिसा, डीटीव्ही, पाच वर्षांचा असतो, एका प्रवेशात १८० दिवस राहता येते आणि खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. थाई गिऱ्हाइकांचे काम मात्र त्यावर चालत नाही. आदल्या आठवड्यात काकांकडून आणून भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये उघडी पडते, म्हणून पैसे काही महिने आधीपासून खात्यात ठेवावेत. दुबईच्या एक वर्षाच्या योजनेत महिना ३,५०० डॉलर उत्पन्न लागते. स्पेनमध्ये स्वतंत्र व्यावसायिकाला स्पॅनिश गिऱ्हाइकांकडून एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच काम घेता येते, आणि ज्या परदेशी कंपनीचे काम करता तिच्याशी किमान तीन महिन्यांचे नाते दाखवावे लागते. करार तोंडी असेल तर इथेच गाडी अडते. जुनी बिले आणि बँकेतल्या नोंदी जपून ठेवाव्यात.

कागदपत्रांत हमखास होणारी चूक म्हणजे पोलीस आयुक्तालयातून नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य दाखला जोडणे. व्हिसासाठीचे पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट सेवेतून मिळते. पुणेकरांसाठी मुंढव्यात केंद्र आहे. स्पेनला त्यावर अपोस्टील, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, हवे. यूएई अपोस्टील करारात नाही, त्यामुळे तिथे कागद वकिलातीकडून साक्षांकित करावे लागतात. व्यवसायाचा पुरावा म्हणून शॉप ॲक्टची पोचपावती चालते, कारण थोडेच कामगार असलेल्यांना महाराष्ट्रात तीच मिळते. ती मराठीत असेल तर स्पेनसाठी अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर करून घ्यावे; घरी केलेले चालत नाही.

जाण्याआधी बँकेलाही कळवा. नोकरी-व्यवसायासाठी परदेशी गेल्यावर साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे खाते) करून घ्यायचे असते, आणि गिऱ्हाइकांचे पैसे महिनोन्महिने जुन्याच खात्यात येत राहिले तर तो फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, भंग ठरतो.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे