बाबा, १९० कोणाचे ते सांगा

ती. आई-बाबा, सा.न.

फोनवरच बोलणार होते, पण बाबा मध्येच बीपीच्या गोळ्या नि पुण्यातले भाजीचे भाव काढतात, म्हणून लिहितेय.

१९ ऑक्टोबरला तुमच्या नातीला घेऊन इथल्या, इंदूरच्या होळकर स्टेडियमला गेले होते, बायकांच्या वर्ल्ड कपची भारत-इंग्लंड मॅच. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने ८८ केले, जिंकलोच असं वाटत होतं नि ४ रनांनी गेली. पोरगी घरी येईस्तोवर रडत होती. मग मी म्हटलं, अगं, इंदूरच्याच एका मुलीने ह्या इंग्लंडला त्यांच्याच घरी नऊ तासांच्या वर उन्हात पळवलंय. आणि सांगताना लक्षात आलं की हे मला आपल्या घरात कधी कुणी सांगितलंच नाही!

बाबा, सी. के. नायडूंचे सिक्सर, गावसकरच्या ३४ सेंचुऱ्या, सगळं तुम्हाला पाठ, जेवताना पण तेच. पण ही इंदूरची संध्या अगरवाल? १९८६ साली इंग्लंडमध्ये वूस्टरला टेस्टमध्ये १९० रन. इंग्लंडच्या बेटी स्नोबॉलचा बायकांच्या टेस्टमधला १८९ चा रेकॉर्ड १९३५ पासून तसाच होता, तो एका रनने मोडला. पुढच्याच वर्षी एका ऑस्ट्रेलियन बाईने १९३ केले, ते सोडा. संध्याच्या १३ टेस्ट, ४ सेंचुऱ्या, ॲव्हरेज ५०.४५. तुमच्या गावसकरचं ५१.१२, म्हणजे बघा. आणि तेव्हा बीसीसीआय बायकांच्या क्रिकेटकडे ढुंकून बघत नव्हतं, ते २००६ ला जागे झाले, तोवर पोरी जनरल डब्यातनं जायच्या, बॅटी आपसात वाटून घ्यायच्या.

१९८६ साली मी १० वर्षांची. दादाच्या टीमला पोरगा कमी पडला की मला फील्डिंगला उभं करायचे, आणि माझी बॅटिंग आली रे आली की गॅलरीतून आईची हाक, कणीक भिजव. रागावून नाही लिहित हं. आई, तू लग्नाआधी खो-खो खेळायचीस हे पण मला परवा मावशीकडनं कळलं, बोल आता.

२ नोव्हेंबरला आपण कप जिंकलो नि दुसऱ्या दिवसापासून नात मागेच लागली, तेव्हा कोचिंगला घातलंय. सर तिला नुसता डिफेन्स करायला लावतात, ती वैतागते. संध्याकाळी अंगणात बॉल टाकायला कुणी नाहीये. बाबा, खांदा दुखतो माहितीये, अंडरआर्म चालेल. तिकिटं कधीची काढू ते कळवा.

आणि आई, खो-खो कधी सोडलंस नि का, ते सविस्तर लिही, बाबांना न दाखवता लिहिलंस तरी चालेल.

तुमची,
ताई