आठवड्यातून एक दिवस येणारा तज्ज्ञ: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सामुदायिक रुग्णालयाला कर्करोग आणि रक्तविकारांचा तज्ज्ञ द्यायचा म्हटलं, की बहुतेक वेळा एकच तोडगा निघतो. मोठ्या केंद्रातला डॉक्टर आठवड्यातून एक दिवस येतो, ओपीडी तपासतो आणि संध्याकाळी परत जातो. कागदोपत्री सेवा सुरू होते, फलकावर नाव चढतं. असे येणारे बहुतेक डॉक्टर जीव तोडून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या तोडग्यालाच पुरेसं मानण्याबद्दल. माझी मागणी आहे, की असा तज्ज्ञ सामुदायिक रुग्णालयात कायमचा नेमा.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकावर झाली. रुग्णाचा चेहरा आम्हाला क्वचितच दिसतो, त्याचं रक्त मात्र सगळ्यांच्या आधी दिसतं. म्हणून हे पत्र त्या बाजूनं लिहिते आहे.

अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया नावाचा रक्ताचा कर्करोग आहे. प्रयोगशाळेत त्याला एपीएल म्हणतात, जुने लोक ‘एम थ्री’. रुग्ण येतो तो हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर निळे डाग उठलेत, अशक्तपणा आहे म्हणून. प्लेटलेट खूप कमी. काचपट्टीवर रक्ताचा थर रंगवून पाहिला, की दाणेदार, वेड्यावाकड्या केंद्रकाच्या पेशी दिसतात आणि काहींच्या आत लालसर काड्यांची जुडी. ती जुडी ओळखणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. या आजारात रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते आणि पहिल्या काही दिवसांतच मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. पण हाच ल्युकेमिया बरा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाशी नातं सांगणारं औषध १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेनयी यांच्या चमूनं या रुग्णांना देऊन पाहिलं आणि या आजाराचं चित्रच पालटलं. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली. कमी जोखमीच्या गटातले ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण आता बरे होतात. ट्रेटिनॉइन ही तोंडानं घ्यायची कॅप्सूल आहे, आणि नियम असा, की नुसता संशय आला तरी जनुकीय तपासणीची वाट न पाहता ती सुरू करायची.

आता महोदय, हा रुग्ण तज्ज्ञ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आला असं समजा. काड्यांची जुडी कुणी पाहायची? पाहिली तर कुणाला फोन करायचा? आणि कॅप्सूल रुग्णालयाच्या औषधसाठ्यात असेल का? आजार बरा होणारा आहे, औषध गिळायचं आहे, तरीही माणूस जाऊ शकतो, कारण काचपट्टी आणि कॅप्सूल यांच्यामधल्या वाटेवर कुणाचीच नेमणूक नाही.

केमोथेरपीचंही असंच. सलाईन लावण्याचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. खरी धास्ती असते ती पुढच्या, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत, जेव्हा पांढऱ्या पेशी तळाला जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली उतरले आणि ३८.३ अंश सेल्सिअस ताप आला, तर ती आणीबाणी असते. रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच्या छातीत कफ नसेल, जखमेत पू नसेल, कारण पू तयार व्हायलाही पांढऱ्या पेशी लागतात. बाहेरून तो बरा दिसतो. हे न शिकलेला रात्रपाळीचा डॉक्टर त्याला तापाची गोळी देऊन घरी पाठवू शकतो, आणि सकाळपर्यंत त्याचा रक्तदाब कोसळलेला असतो. घरचे त्याला मोठ्या केंद्राकडे न्यायला निघाले, तर तो एक तास रस्त्यातच संपतो.

लोकांना, आणि फायलींनाही, वाटतं की हा तज्ज्ञ फक्त कर्करोगासाठी. त्याचं अर्धं काम रक्ताचं आहे, आणि त्यातले बरेच आजार कर्करोग नसतात. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या मुलाच्या डोक्याला मार लागला, तर आधी रक्त गोठवणारा फॅक्टर द्यायचा आणि मग स्कॅन, हा क्रम माहीत असलेला माणूस लागतो. उलट क्रमात मूल दगावू शकतं. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाच्या वेदना खऱ्या असतात, आणि त्याच्या छातीत दुखून श्वास जड झाला तर तो नुसता न्यूमोनिया म्हणून सोडून देण्यासारखा नसतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषाचं लोह कमी निघालं, तर लोहाच्या गोळ्यांबरोबर आतड्याची तपासणीही व्हायला हवी. गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश होतात, आणि रक्त गळवणारी आतड्यातली गाठ मागे तशीच वाढत राहते.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगाबद्दल तर आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांची वेगळीच व्यथा आहे. पाठदुखी, थकवा, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. रुग्ण पाठीसाठी एकाकडे, मूत्रपिंडासाठी दुसऱ्याकडे, अशक्तपणासाठी तिसऱ्याकडे जातो. काचपट्टीवर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या असतात, ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी तळाला बसण्याचा वेग, शंभरच्या वर गेलेला असतो. आम्ही ते लिहून देतो. अहवालाच्या तळाची ती ओळ वाचून ‘प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करा’ (रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहण्याची तपासणी) असं म्हणणारा कुणी इमारतीत असला, तर मूत्रपिंड वाचण्याची संधी मिळते. आठवड्यातून एकदा येणाऱ्याच्या हाती फक्त त्याच्याकडे पाठवलेले रुग्ण लागतात. न पाठवलेले त्याला दिसणार कसे?

या मागणीवरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. लहान रुग्णालयात रुग्ण कमी, रुग्ण कमी तर हात बसत नाही. अन्ननलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया जिथे वारंवार होते तिथेच करावी, हे जगभरच्या अनुभवातून सिद्ध झालं आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपण, तीव्र ल्युकेमियाची पहिली जोरकस केमो, लहान मुलांचे बहुतेक कर्करोग, यांची जागा मोठ्या केंद्रातच आहे. ते सगळं इथे आणा असं मी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर ऐकू नका. पण मोठ्या केंद्रानं आखलेल्या उपचाराचे पुढचे डोस, मधल्या रक्ततपासण्या, ताप, रक्त आणि प्लेटलेट देणं, आणि बरं होणार नाही हे ठरल्यावर मॉर्फिन देऊन वेदना थांबवणं, एवढं घराजवळ व्हायला काय हरकत आहे? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळूहळू वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचंच पाहा. २००१ साली इमॅटिनिब हे औषध आलं आणि काही वर्षांत जीव घेणारा हा आजार रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं सांभाळता येऊ लागला. गोळी चुकली तर आजार डोकं वर काढतो, आणि लांबच्या प्रवासाला कंटाळून तपासणी सोडणारा माणूस हळूहळू गोळीही सोडतो.

अंतरावर उत्तर नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये टाउन्सव्हिलच्या कर्करोग केंद्रानं सुमारे ९०० किलोमीटरवरच्या माउंट आयझाच्या रुग्णालयाशी व्हिडिओनं जोडून घेतलं. तज्ज्ञ पडद्यावर असतात, केमो तिथलेच डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका देतात. मात्र हे चालतं ते पडद्याच्या या बाजूला शिकलेली माणसं असतात म्हणून. नुसता पडदा बसवून उद्‌घाटन करायचं असेल, तर तो खर्च वाचवा.

म्हणून पद मंजूर करताना एकट्या डॉक्टरचं करू नका. केमो शिकलेल्या परिचारिका नसतील तर डॉक्टर काय करणार? औषधं मिसळायला सुरक्षित कपाट आणि ते काम जाणणारा फार्मासिस्ट हवा. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध शिरेऐवजी पाठीच्या कण्यात गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही, आणि अशा चुका जगात अनेक ठिकाणी, चांगल्या रुग्णालयांतही झाल्या आहेत. ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं, ही साधी काळजी जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवली आहे. पण ती रोज, न कंटाळता पाळायला कायमची माणसं लागतात. दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी हातांकडून ही अपेक्षा कशी करायची?

तज्ज्ञ छोट्या ठिकाणी टिकत नाहीत, हेही आपले अधिकारी सांगतील. एकटाच नेमलात तर नाहीच टिकणार. रजेवर गेला तर मागे कुणी नाही, अवघड रुग्णावर चर्चा करायला कुणी नाही, आणि वर्षभरात ज्ञान शिळं होतंय ही भीती. दोघांना नेमा, शेजारच्या दोन रुग्णालयांत वाटून द्या, महिन्यातले काही दिवस त्यांना मोठ्या केंद्रात काम करू द्या आणि तिथल्या ट्यूमर बोर्डच्या, म्हणजे वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाचे उपचार ठरवतात त्या, बैठकीत त्यांची जागा राखून ठेवा. पगारापेक्षा एकटेपणामुळे जास्त लोक सोडून जातात, असं माझं मत आहे.

आणि एक विनंती प्रयोगशाळेच्या वतीनं. ज्या आदेशात तज्ज्ञाचं पद असेल, त्याच आदेशात रात्रपाळीला काचपट्टी वाचू शकणाऱ्या तंत्रज्ञाचंही पद असू द्या, आणि संशयास्पद पेशी दिसताच कोणत्या क्रमांकावर, कोणत्याही वेळी, कळवायचं ते लेखी ठरवून द्या. औषधसाठ्याच्या यादीत ट्रेटिनॉइन टाकायला तर नवं पदही लागत नाही, एक सही लागते. ती या महिन्यातही होऊ शकते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ