सूचना : कादंबऱ्यांची शिफारस करताना

मंडळी, अद्भुतकथा आणि विज्ञानकथांच्या शिफारशी हल्ली भरपूर येतात, पण बऱ्याचशा 'भारी आहे, वाचाच' एवढ्यावर थांबतात. तेवढ्या भरवशावर आठशे पानांचा ठोकळा कोण हातात घेणार? नेमकं काय आवडलं ते लिहा: जादूचे नियम, परग्रहावरचं हवामान, एखादं खट्याळ पात्र, काहीही. पहिली शंभर पानं रेंगाळत असतील तर तेही आधीच सांगून टाका.

मालिका असेल तर वाचनाचा क्रम आवर्जून द्या. सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया' या अद्भुतकथांच्या मालिकेचंच बघा. कपाटातून पलीकडच्या नार्निया नावाच्या जादूई जगात जाणारी मुलं पहिल्या पुस्तकात, १९५० साली आली. त्या जगाच्या जन्माची कथा १९५५ साली, सहावं पुस्तक म्हणून. हल्लीच्या संचांत मात्र तीच पहिली असते. मला विचाराल तर कपाटातूनच आत शिरावं, पण यावर भांडायला मी तयार आहे.

कथानक फोडणार असाल तर वर 'रहस्यभेद' असं ठळक लिहून चार ओळी मोकळ्या सोडा. परवा एकाने शेवटच्या प्रकरणातला मृत्यू बोलता बोलता सांगून टाकला. मी तेव्हा बाराव्या प्रकरणात होतो. असो.

नावडलेल्या पुस्तकाबद्दलही बेधडक लिहा. अर्धवट सोडलं असेल तर कुठे सोडलं ते सांगा. टीका पुस्तकावर करा, ते आवडणाऱ्यावर नको. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव द्या. चोरीच्या पीडीएफ टाकू नका, दिसताक्षणी काढल्या जातील.