न झालेल्या खर्चाबद्दल आभार

ताई,

स. न. वि. वि.

आमच्या बेदाण्याचे देठ काढायच्या मशीनला तुम्ही पेटंट मिळवून दिलंत. तुमची फी चुकती केली, पावती घेतली, म्हणजे हिशेब मिटला असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्यामुळे जो खर्च झालाच नाही, त्याची पावती कुठून आणू? म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण आमच्या कुपवाड एमआयडीसीत अजून ‘पेटंट म्हणजे लाखाची बात’ म्हणत पोरं गप्प बसतात.

तुमच्याआधी ज्या सल्लागाराला गाठलं होतं, त्यानं एकच गोळा आकडा सांगितला. सरकारी किती आणि त्याचे किती, याची फोड मागितली तर उत्तर नाही. वर ‘इंटरनॅशनल पेटंट’ही घेऊन टाका म्हणाला! तुम्ही पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखलेत. एकात सरकारचे पैसे, दुसऱ्यात तुमचे. ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीचे ४,०००. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि सवलतीसाठीचा फॉर्म २८ जोडला की लहान कारखान्याला हा दर, मोठ्या कंपनीला तेच ८,००० आणि २०,०००. परदेशाचा विषय तर तुम्ही दोन वाक्यांत संपवलात: जगभर चालणारं एक पेटंट नसतंच, पीसीटी या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या अर्जानं इतर देशांत अर्ज करायला नुसती मुदत मिळते, पुढं देशागणिक फी वेगळी आणि वकील वेगळा. “तुमचं मशीन तासगाव-विजापूरच्या पुढं विकलं जाणार आहे का?” असं विचारलंत. नव्हतंच जाणार.

कृषी प्रदर्शनाचा स्टॉल बुक झाला होता. त्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज, टाकायचाच, हा तुमचा हट्ट. एकदा लोकांसमोर मशीन चालवलं की नावीन्य गेलं, मग पैसे घालूनही उपयोग नाही. प्रोव्हिजनलमुळे पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळाले आणि बेदाण्याचा एक हंगाम शेडवर चाचणी घेता आली.

खरं काम मात्र क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगतोय ती वाक्यं, लिहिताना दिसलं. बेदाण्याचा देठ दोन रबरी रोलरच्या फटीत धरला जातो आणि ओढून निघतो, एवढंच आमचं यंत्र. माझ्या मसुद्यात फटीचं माप मिलिमीटरमध्ये होतं. तुम्ही ते खोडलंत. म्हणालात, शेजारचा अर्धा मिलिमीटर वाढवेल आणि तुमच्या नाकासमोर विकेल. त्याजागी आलं, ‘मण्याच्या जाडीप्रमाणे स्प्रिंगने कमीजास्त होणारी फट’. क्लेम छाटून दहावर आणलेत, कारण दहाच्या वर प्रत्येकाला ३२० रुपये आणि तीस पानांच्या वर पानाला १६०. ती बचत किरकोळच, पण छाटल्यावर मजकूर कसला घट्ट झाला! तुमची फी या अकलेची होती, फॉर्म भरण्याची नव्हे.

ब्लोअर आणि चाळणी जोडून दुसरा अर्ज करायचा माझा विचार होता. “दोन्ही जुन्या वस्तू, दोन्ही आपापलं काम स्वतंत्र करतात, पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ)खाली अडकेल,” म्हणून तुम्ही तो घेतलाच नाही. येणारं काम परत पाठवणारा माणूस आमच्या धंद्यात तरी मी पाहिलेला नाही.

पुढं पेटंट ऑफिसच्या तपासणी अहवालात हरकती आल्या तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. हरकत म्हणजे नकार नव्हे, उत्तराला सहा महिने आहेत, असं तुम्ही फोनवर सांगितलंत आणि मुदतीच्या बऱ्याच आधी उत्तर पाठवलंतही. पेटंट मंजूर झालं. आता नूतनीकरणाचा तक्ता ऑफिसच्या कपाटाला आतून चिकटवलाय: तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरसाल ८००, वाढत वाढत शेवटची पाच वर्षं ८,०००, वीस वर्षांचे मिळून ७६,८००. मशीन विकायचं थांबलं की हप्ताही थांबवा, हा तुमचा सल्ला त्याखालीच लिहिलाय.

आमच्या गल्लीतला एक पोरगा हळद पॉलिश करायच्या ड्रमचं काहीतरी घेऊन पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं येईल. हुशार आहे, पण बोलतो फार. प्रोव्हिजनल पडेपर्यंत त्याला मोबाइलवर व्हिडिओ टाकू देऊ नका. आणि माझी ओळख सांगून फी कमी करा म्हणाला, तर अजिबात ऐकू नका.

आपला,
एक बेदाणा मशीनवाला, कुपवाड