बाबांच्या पायाची जखम आणि माझं रात्रीचं काम

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तू परवा फोनवर विचारलंस की रात्रभर जागून करतेस तरी काय, तेव्हा माझी लॉगिनची वेळ झाली होती म्हणून आज निवांत लिहितेय. सध्या माझ्याकडे अमेरिकेतल्या मेडिकेअरचे क्लेम आहेत, म्हणजे तिकडे मुख्यतः पासष्टीच्या पुढच्या लोकांना असतो तो सरकारी विमा. त्यातही जखमेवर लावायच्या कोलॅजनचे, म्हणजे जखम भरायला मदत करणारं प्रथिन, ते शीट किंवा पावडर म्हणून लावतात. बिलावर प्रत्येक वस्तूचा ठरलेला कोड टाकायचा: शीट १६ चौरस इंचांपर्यंत असेल तर ए६०२१, त्याहून मोठी पण ४८ पर्यंत असेल तर ए६०२२, त्याच्याही वर ए६०२३. कोरडी पावडर असली तर ए६०१०, आणि तिथे पुडीचं वजन धरायचं नाही, आत कोलॅजन किती ग्रॅम आहे तेवढंच. शिवाय एका जखमेला ए१, दोन असतील तर ए२ असं मागे जोडायचं.

पण कोड बरोबर टाकूनही क्लेम डिनाय, म्हणजे नामंजूर होतो, कारण पेशंटच्या कागदावर जखमेचं नीट लिहिलेलंच नसतं. लांबी, रुंदी, खोली, पाणी किती येतंय, भरायची थांबलीय का, हे सगळं लागतं आणि दर महिन्याला नव्याने लागतं. टाचेच्या जखमेची फाइल येते, लांबी-रुंदी आहे आणि खोलीचा रकाना कोरा, की मी पुढे जाऊच देत नाही, क्लिनिकला विचारते, कारण त्या एका रकान्यापायी कुण्या म्हाताऱ्या माणसाचं ड्रेसिंग अडकायला नको.

बाबा, आता तुमच्या पायाचं. आपल्याकडे हे कोड नाहीत पण जखम तीच आणि शुगरही तीच. नुसती पट्टी बदलून घरी येऊ नका, दर वेळी मोजून केसपेपरवर तारखेसकट लिहून घ्या, खोलीसुद्धा, म्हणजे जखम भरतेय की तशीच आहे ते डॉक्टरांना लगेच कळेल. कोलॅजन लावलं असेल तर किती दिवस ठेवायचं तेही विचारा, काही शीट सात दिवसांपर्यंत राहतात, रोज उघडून बघायची गरज नसते.

आई, ते "बरंय बरंय" म्हणतील, तू ऐकू नकोस. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ आणि मला व्हॉट्सॲप कर. शनिवारी ड्रेसिंगला गेलात की तिथूनच फोन लाव, मी डॉक्टरांशी बोलते.

तुमची,
मनू